कंडेन्सर काढायचा आहे, तर एसीचा गॅस हवेत सोडून द्यायचा का?

नाशिकच्या एका गाडीमालकांनी विचारलं आहे: २०११ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढून ठोकर बसली, कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) वाकला आणि रेडिएटरचा एक कान तुटला. कुठेही गळती नाही, एसी अजून थंड करतो, म्हणजे गॅस आहे. दोन्ही भाग घरीच उतरवून कुर्ल्याहून आणलेला जुना कंडेन्सर बसवायचा विचार आहे. ओळखीचे एक फिटर म्हणतात, लो साईडची (कमी दाबाच्या पाईपावरची) पिन स्क्रूड्रायव्हरने दाबून धरा, पाच मिनिटांत गॅस निघून जाईल. तसं केलं तर चालेल का?

नाही, चालणार नाही. रिकव्हरी मशीन असलेल्या एसीवाल्याकडे गाडी न्या, गॅस मशीनने काढून घ्या, किती ग्रॅम निघाला ते लिहून घ्या, आणि मगच पाना लावा. बंपर, पाईप, नटबोल्ट हे बाकीचं काम तुम्ही घरी आरामात करू शकता. मी बरीच वर्षं फक्त गाड्यांच्या एसीचं काम करतो. "गॅस भरून महिना नाही झाला, परत गरम हवा येतेय" म्हणून ज्या गाड्या येतात, त्यांतल्या कितीतरी गाड्यांचं दुखणं भाग बदलताना सुरू झालेलं असतं: गॅस कसा काढला, तेल किती गेलं, पाईप किती वेळ उघडे राहिले. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक बघा: लाईन, म्हणजे गॅसचे पाईप, उघडायची खरंच गरज आहे का? रेडिएटरसाठी बहुतेक गाड्यांत नसते. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्याचे बोल्ट वेगळे असतात. ते सोडून कंडेन्सर पाईपांसकट थोडा पुढे घेऊन बांधून ठेवला की मागचा रेडिएटर वर निघतो. इंजिनाच्या कामातही तेच. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) ब्रॅकेटपासून सुटा करून, नळ्या न उघडता, तारेने बॉडीला बांधून ठेवता येतो. फक्त त्याचं वजन नळ्यांवर येऊ देऊ नका आणि ॲल्युमिनियमचा पाईप जागच्या जागी वाकवू नका. क्लच प्लेट किंवा टायमिंगच्या कामासाठी सरसकट गॅस सोडून देणारे फिटर मी पाहतो तेव्हा फार वाईट वाटतं, कारण दहा मिनिटांचं बांधाबांधीचं काम वाचवायला त्यांनी गिऱ्हाइकाची चांगली चालू असलेली सिस्टीम उघडलेली असते. कूलिंग कॉईल (डॅशबोर्डमागची गार होणारी जाळी) किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (तिच्यात बारीक तोंडातून गॅस सोडणारा) काढायचा असेल तर मात्र इलाज नाही.

तुमचा कंडेन्सरही नीट बघा. नुसत्या पत्त्या दबल्या असतील तर त्या कंगव्याने सरळ होतात. आडव्या चपट्या नळ्यांना घडी पडली असेल किंवा बाजूचा उभा पाईप पिळला गेला असेल तरच तो बदला.

आता गॅसविषयी. २०११ च्या गाडीत आर-१३४ए असणार. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि वजन दोन्ही असतं. लहान हॅचबॅकमध्ये साधारण ३५० ते ५०० ग्रॅम गॅस असतो. हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशाला उकळतो. बंद लाईनमध्ये तो थोडा द्रव, थोडा वाफ अशा रूपात असतो, आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. गाडी रात्रभर सावलीत उभी असेल तर २५ अंशाला गेजवर सुमारे ८२ पीएसआय दिसतात, ३० ला ९७, ३५ ला ११४. आत पन्नास ग्रॅम द्रव शिल्लक असो की तीनशे ग्रॅम, आकडा तोच येतो. म्हणून इंजिन बंद असताना "प्रेशर चांगलंय, गॅस फुल आहे" असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

या आकड्यांचा उपयोग दुसऱ्याच गोष्टीसाठी होतो. बाहेर २५ अंश असताना गेज १२० दाखवत असेल, तर आत नुसता १३४ए नाही. हवा मिसळली आहे किंवा आधी कुणीतरी दुसराच गॅस भरला आहे. स्वस्तात मिळणाऱ्या कॅनमधून एलपीजीसारखे जळणारे गॅस भरलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत, आणि अशी गाडी ठिणगी उडणाऱ्या ग्राइंडरशेजारी उघडणं म्हणजे जिवाशी खेळ. बनावट गॅसचा धोका किती टोकाला जातो ते २०११ मध्ये दिसलं. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये शीत कंटेनरांच्या कॉम्प्रेसरचे स्फोट होऊन माणसं दगावली. १३४ए म्हणून विकलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं आणि त्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवा लागताच पेटणारं रसायन तयार झालं होतं. गाडीच्या एसीतही जवळजवळ सगळं ॲल्युमिनियमच असतं. चांगल्या एसीवाल्याकडे गॅस ओळखायचं यंत्र असतं. जुनी, चार हातांतून आलेली गाडी असेल तर ते लावायला सांगा.

पिन दाबून गॅस सोडला की काय होतं ते बघू. दाब झपाट्याने उतरतो, आत राहिलेला द्रव उकळून फेसाळतो आणि कॉम्प्रेसरचं तेल सोबत घेऊन बाहेर पडतो. नंतर व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, बॅटरीच्या ट्रेवर, फेंडरच्या आतल्या बाजूला जो तेलकट फवारा दिसतो तेच ते तेल. किती गेलं ते मोजायला काहीच मार्ग नाही. लहान गाडीच्या सगळ्या सिस्टीममध्ये मिळून शंभर-सव्वाशे मिली तेल असतं, त्यातलं चाळीस-पन्नास उडालं तर कॉम्प्रेसर किती दिवस टिकणार? आणि तेल कमी पडलंय हे थंडाव्यावरून कळत नाही, कॉम्प्रेसर घासायला लागल्यावर कळतं.

याहून घातक गोष्ट आहे ती खोट्या शून्याची. गॅस जोरात सोडला की आतला उरलेला द्रव स्वतःच्याच उकळण्याने गार होत जातो. तो उणे २६ च्या आसपास आला की गेजचा काटा शून्यावर बसतो. फुसफूस थांबते, फिटरला वाटतं लाईन रिकामी झाली. ड्रायरच्या (लाईनमधली ओल शोषणाऱ्या) डब्याला हात लावून बघा, खालच्या बाजूला पांढरं दव गोठलेलं असतं. जिथे असा बर्फ आहे तिथे आत अजून द्रव आहे. अशा वेळी कुणी नट पूर्ण उघडला आणि दोन मिनिटांत इंजिनाच्या उबेने तो द्रव उकळला, की थेट चेहऱ्यावर फवारा येतो. डोळ्यात गेला तर बुबुळ गोठतं. गॉगल आणि हातमोजे न घालता एसीच्या नटाला हात लावायचा नाही, गॅस काढून झालेला असला तरी. चुकून डोळ्यात गेलाच तर चोळू नका, पंधरा मिनिटं कोमट किंवा साध्या पाण्याच्या धारेखाली डोळा धरा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

हा गॅस हवेपेक्षा साडेतीन पट जड आहे. त्याला वास जवळजवळ नसतो. गाडीखालच्या खड्ड्यात किंवा बंद गॅरेजात तो जमिनीलगत साचतो आणि तिथली हवा ढकलून देतो. खड्ड्यात उतरलेल्या माणसाला काही कळायच्या आत चक्कर येते. तापलेल्या सायलेन्सरवर किंवा ज्योतीवर तो गेला की फुटून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, तो फुप्फुसं जाळतो. म्हणून गॅस असलेल्या पाईपला वेल्डिंग किंवा ब्रेझिंग कधीही नाही, आणि काम चालू असताना विडी-सिगारेटसुद्धा नाही.

आणि हवेत गेलेला गॅस कुठे जातो, हेही सांगितलंच पाहिजे. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट उष्णता अडवतो. तुमच्या गाडीत ४५० ग्रॅम गॅस असेल तर तो सोडणं म्हणजे सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो निघतो, म्हणजे हे झालं २८० लिटर पेट्रोल, लिटरला पंधराच्या हिशोबाने चार हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. तो पाच मिनिटांत, कुठेही न जाता. अमेरिकेत १९९५ पासून हा गॅस मुद्दाम हवेत सोडायला कायद्याने बंदी आहे. २०१६ च्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, त्यानुसार आपल्याकडे अशा गॅसांचा वापर २०२८ मध्ये गोठवून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. पण मी तुम्हाला कायद्यासाठी थांबायला सांगत नाही. मशीन आहे, गॅस परत वापरता येतो, मग तो फुकट घालवून हवा का तापवायची?

रिकव्हरीला जाल तेव्हा काय बघायचं ते सांगतो, म्हणजे समोर उभं राहून नीट करून घेता येईल. रेडिएटरचा फॅन फिरत असेल तर आधी दहा मिनिटं एसी चालवून घ्या. तेल गरम होतं आणि त्यात विरघळलेला गॅस सुटायला मदत होते. मग इंजिन बंद. निळी नळी लो साईडच्या तोंडाला, लाल नळी हाय साईडच्या तोंडाला. १३४ए च्या गाड्यांत दोन्ही तोंडांचा व्यास वेगळा, १३ आणि १६ मिलिमीटर, त्यामुळे अदलाबदल होत नाही. मशीन गॅस ओढून काटा शून्याच्या खाली नेतं. बरेच जण इथेच नळ्या काढतात, आणि ते मला पटत नाही. पाच-दहा मिनिटं थांबायला सांगा. तेलातला आणि ड्रायरमधला गॅस हळूहळू सुटतो आणि काटा परत वर चढतो. चढला तर पुन्हा ओढायचा. काटा खालीच राहिला की मगच काम झालं.

आता दोन आकडे लिहून घ्या. पहिला, किती ग्रॅम गॅस निघाला. स्टिकरवर ४५० असताना ३०० च निघाला, तर थोडा मशीनच्या नळ्यांत अडकला असेल हे धरूनही तुमच्या गाडीत ठोकरीआधीपासून कुठेतरी झिरप आहे, आणि ती नवा कंडेन्सर बसवण्याआधी शोधायला हवी. दुसरा, मशीनच्या तेलाच्या बाटलीत किती मिली तेल आलं. सावकाश काढलेल्या गॅसबरोबर ते थोडंच येतं, आणि तेवढंच ताजं तेल परत घालायचं असतं. पिन दाबून गॅस सोडणाऱ्याला हे दोन्ही आकडे कधीच कळत नाहीत.

मशीन नसलेले काही जण रिकामा सिलिंडर बर्फात ठेवून गॅस त्यात ओढून घेतात. शून्य अंशालाही १३४ए चा दाब २८ पीएसआयच्या आसपास असतो, म्हणजे तेवढी वाफ गाडीत राहतेच. त्यात तो सिलिंडर एकदाच वापरायचा असेल तर पुन्हा भरण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. गॅस साठवायचा तर त्यासाठीच्या रिकव्हरी सिलिंडरमध्येच, आणि तोही ८० टक्क्यांवर कधी भरायचा नाही. उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा उरली नाही तर सिलिंडर फाटतो.

गाडी घरी नेताना एसीचं बटण बंद ठेवा आणि कॉम्प्रेसरच्या क्लचचा प्लग काढून ठेवा. तुमच्या वयाच्या हॅचबॅकला क्लच असतो, त्यामुळे पुली नुसती फिरते. नव्या काही गाड्यांत क्लच नसलेला, सतत फिरणारा कॉम्प्रेसर असतो. तशा गाडीत गॅस काढून लांब जाऊ नये, भाग तिथेच बदलून घ्यावा. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना तर घरी हात लावूच नका. त्यांच्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये वीज न वाहणारं पीओई तेल लागतं, आणि गेजच्या नळीत राहिलेलं नेहमीचं पॅग तेल थोडं जरी आत गेलं तरी इन्सुलेशन बिघडतं. बाहेरून आलेल्या काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे, त्याचं मशीनही वेगळं लागतं. नव्वदीच्या सुरुवातीच्या गाडीत चुडीची तोंडं दिसली तर ती मुळात आर-१२ ची आहे, तिथे १३४ए तसाच भरायचा नाही.

घरी पाईप उघडण्याआधी जोडाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. नट किंवा बोल्ट अर्धा फेरा सैल करा, तोंड बाजूला ठेवा, थांबा. फुसफुसलं तर शांत होईपर्यंत पुढे जाऊ नका. नटाचा जोड असेल तर दोन पाने लावायचे, एकाने पाईपाकडची बाजू धरायची. एकाच पान्याने जोर काढला की ॲल्युमिनियमचा पाईप पिळतो आणि मग कंडेन्सरऐवजी पाईपच शोधत फिरावं लागतं. पाईप सुटला की त्याच क्षणी दोन्ही तोंडं बंद करा, रबरी बुचाने किंवा स्वच्छ पॉलिथिन आणि चिकटपट्टीने. फडक्याचा बोळा कोंबू नका, त्याचे धागे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसतात.

एवढी घाई कशासाठी? पॅग तेल हवेतली ओल शोषून घेतं आणि ड्रायरमधले दाणे तर त्याच कामासाठी असतात. पावसाळ्यात रात्रभर पाईप उघडा राहिला तर ड्रायर गेलाच समजा. मग ते पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठतं. लक्षण अगदी ओळखीचं आहे: अर्धा तास छान थंड, मग गरम हवा, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की परत थंड. यावर लोक गॅस वाढवत बसतात. लाईन उघडली की ड्रायर नवा घाला, ओ-रिंगा सगळ्या नव्या, १३४ए ला चालणाऱ्याच, आणि बसवताना त्यांना तेलाचं बोट लावा. ड्रायरचं बूच बाकी सगळे जोड आवळून झाल्यावर अगदी शेवटी काढायचं.

कुर्ल्याहून कंडेन्सर आणणार असाल तर तोंडं बंद असलेलाच घ्या. नळीत स्वच्छ पांढरं फडकं किंवा कापसाची कांडी फिरवून बघा. नुसतं तेल आलं तर ठीक. काळी पेस्ट किंवा चमचमणारी पूड आली तर तो अशा गाडीचा आहे जिचा कॉम्प्रेसर आतून झिजून गेला. आजच्या कंडेन्सरमधल्या नळ्यांची छिद्रं इतकी बारीक असतात की ती पूड धुऊन निघत नाही आणि तुमचा चांगला कॉम्प्रेसरही घेऊन जाते. माझं मत विचाराल तर कंडेन्सर नवाच घ्या, बाहेरच्या कंपनीचा चालेल. कॉम्प्रेसर जुना घेतला तर निदान हाताने फिरवून बघता येतो, कंडेन्सरच्या आत डोकावताच येत नाही.

नवा कंडेन्सर बसवताना त्यात थोडं तेल घालावं लागतं, साधारण २० ते ३० मिली, नेमका आकडा आणि तेलाचा नंबर गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. हा नंबर तेलाच्या दाटपणाचा असतो, पॅग ४६ च्या जागी १५० चालत नाही.

जोड आवळून झाले की गाडी परत एसीवाल्याकडे. गळती बघायला कोरडा नायट्रोजन, रेग्युलेटर लावून, आणि साबणाचा फेस. टायरच्या हवेने तपासू देऊ नका. त्या हवेत पाणी असतं, शिवाय दाबाखाली भरपूर हवा मिसळलेला १३४ए पेटू शकतो. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं, कमीत कमी अर्धा तास, पावसाळ्यात तास. ३० अंशाला पाणी उकळून बाहेर यायचं तर आतला दाब ४२ मिलिबारच्या खाली जावा लागतो. नाशिक-पुण्याच्या उंचीवर हवेचाच दाब कमी असल्याने चांगला पंपही व्हॅक्यूमचा काटा (पाऱ्याच्या) २८ इंचांच्या आसपासच नेतो, पुस्तकातले २९.९ दिसणार नाहीत. पंप खराब आहे म्हणून भांडू नका. पंप बंद केल्यावर पंधरा मिनिटं काटा हलतो का, ते बघा.

गॅस भरताना वजनकाट्यावर, स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच भरायला सांगा. गेज बघून किंवा पाईपाला हात लावून नको. आधी काढलेला गॅस स्वच्छ असेल तर तोच परत जाईल, वरचे जे काही ग्रॅम नवे पडले तेवढ्याचेच पैसे द्या, आणि ते किती पडले हे पहिल्या आकड्याखाली लिहून गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात थंडावा कमी वाटला तर एसीवाल्याला तो कागद आधी दाखवा, झिरप आहे की दुसरं काही, हे त्याला तिथूनच कळायला लागेल.